कानालेत्तोचा चौक आणि तुमचा फोटो का जुळत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहात. व्हेनिसला जाताना, अठराव्या शतकातला तिथलाच चित्रकार कानालेत्तो याच्या सान मार्को चौकाच्या चित्राची छापील प्रत सोबत नेलीत. चौकाच्या पश्चिम टोकाला, बॅसिलिकेकडे (सान मार्कोच्या मोठ्या चर्चकडे) तोंड करून उभं राहिलात, फोनवर फोटो काढलात आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंत. घंटाघराचा मनोरा चित्रात पूर्ण मावतो, फोटोत कापला जातो. फोन वर केला की इमारती मागे कलंडतात. बाजूच्या इमारतींच्या रेषा पट्टीने वाढवल्या तर त्या एका बिंदूत मिळत नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंत: त्याचं पर्स्पेक्टिव्ह (सपाट कागदावर खोली दाखवण्याची रीत) चुकलं की त्याने लबाडी केली? आणि तो कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे लेन्स लावलेली काळोखी पेटी, वापरत असेल, तर चित्र फोटोसारखं का दिसत नाही? शिवाय, अशा चित्रांवर विसंबावं का?

मी एकतीस वर्षं मुंबईत आर्किटेक्टांसाठी हाताने पर्स्पेक्टिव्ह काढली. आमच्या धंद्यात ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतीचं रंगवलेलं चित्र. बिल्डर ते फ्रेम करून साइट ऑफिसात लावतो. त्यामुळे कानालेत्तोकडे मी समीक्षकाच्या नजरेने पाहत नाही, ड्रॉइंग बोर्डावर वाकलेल्या माणसाच्या नजरेने पाहतो. तुमचा प्रश्न वरवर चूक-बरोबरचा वाटतो, पण मुळात तो जागेचा आहे. चित्रकाराने आपला डोळा कुठे ठेवला आणि त्या डोळ्यासमोर कॅनव्हास कसा उभा धरला? एवढं कळलं की बराचसा गुंता सुटतो. त्यानंतरही जे जुळत नाही ते बहुतेक वेळा त्याने जाणूनबुजून केलेलं असतं, आणि माझ्या मते या चित्रांचा सगळा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

सगळ्या चित्रांना लागू पडेल असं एकच उत्तर मात्र नाही. अठराव्या शतकातल्या इटलीत शहराच्या अशा दृश्यांना ‘व्हेदूता’ म्हणत, आणि ती काढणाऱ्यांच्या रीती निरनिराळ्या होत्या. लूका कार्लेव्हारिसने १७०३ मध्ये व्हेनिसच्या इमारतींची शंभरावर कोरीव चित्रं छापली. त्यांत इमारतीची नोंद होणं महत्त्वाचं. मिकेले मारिएस्की नेपथ्यातून आलेला, तो जवळची बाजू ताणून दृश्य आणखी रुंद करायचा. फ्रान्चेस्को ग्वार्दीच्या उतारवयातल्या चित्रांत इमारती हवेत थरथरतात, तिथे पट्टी लावून हाती काही लागत नाही. खुद्द कानालेत्तोची (जन्म १६९७, मृत्यू १७६८) सुरुवातीची चित्रं आणि नंतरची चित्रंसुद्धा एका मापात बसत नाहीत. शिवाय तुमच्या प्रतीच्या कडा छपाईत कापल्या गेल्या असतील तर सगळी मोजमापं बिघडतात. तुमच्या वर्णनावरून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं, १७२० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं चित्र असावं, असं धरून पुढे लिहितो.

आधी फोनचा हिशेब मिटवू. काम्पानिले, म्हणजे घंटाघराचा मनोरा, ९८.६ मीटर उंच आहे. (जुना मनोरा १९०२ च्या जुलैत कोसळला. आजचा १९१२ मध्ये त्याच जागी, तसाच उभारलेला आहे. त्यामुळे उंचीची तुलना चालते.) चौकाच्या पश्चिम टोकापासून तो साधारण १३० ते १५० मीटरवर आहे. म्हणजे त्याचं टोक तुमच्या नजरेच्या पातळीच्या वर ३३ ते ३७ अंशांवर येतं. फोन आडवा आणि सरळ धरला, तर त्याच्या नेहमीच्या लेन्समध्ये मधल्या रेषेच्या वर जेमतेम २५ अंश दिसतात. मनोरा कापला जाणारच. तुम्ही फोन वर कलवलात, त्याबरोबर चित्राचं प्रतलही कललं आणि उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकल्या. चित्रकाराला ही अडचण येत नाही. तो कॅनव्हास ओळंब्यात उभा ठेवतो, क्षितिजरेषा (डोळ्याच्या पातळीवरची आडवी रेषा) मधोमध न आखता खाली सरकवतो आणि वरची सगळी जागा मनोऱ्याला आणि आकाशाला देतो. जुन्या स्टँडवरच्या कॅमेऱ्यात लेन्स वर सरकवायची सोय असायची, इमारतींचे फोटो काढणारे ती वापरत. तोच प्रकार.

पण एवढ्याने भागत नाही. कॉलेजात तुम्हाला ६० अंशांचा शंकू शिकवला असेल: डोळ्यासमोर चोहोबाजूंनी तीस-तीस अंश; त्याबाहेर गेलं की आकार ताणलेले दिसू लागतात. मनोऱ्याचं टोक पस्तिशीला पोहोचतंय, म्हणजे शंकूच्या बाहेर. यावर उपाय एकच, मागे सरकायचं. आता तुम्ही म्हणाल, मागे तर भिंत आहे. आज तिथे नेपोलियनच्या काळातली इमारत आहे. कानालेत्तोच्या वेळी तिथे सान जेमिनियानोचं चर्च होतं, ते १८०७ मध्ये पाडलं. कागदावर मात्र भिंत आडवी येत नाही.

हे मी कसं शिकलो ते सांगतो, कारण व्हेनिस मला त्यामुळेच समजलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी गिरगावातल्या एका अरुंद रस्त्यावरच्या सहा मजली इमारतीचं पर्स्पेक्टिव्ह माझ्याकडे आलं. मी प्रामाणिकपणे रस्त्याची रुंदी मोजली, समोरच्या फुटपाथवर स्थानबिंदू, म्हणजे पाहणाऱ्याची जागा, धरला आणि दोन दिवस खपून रेषा मारल्या. इमारतीचा कोपरा सुरीच्या पात्यासारखा अंगावर आला, वरचे मजले ताणून निघाले. आमच्या ऑफिसातल्या वयस्कर ड्राफ्ट्समननी ट्रेसिंग पेपर उचलून पाहिला आणि म्हणाले, “तू रस्त्यात का उभा राहिलास? समोरच्या बिल्डिंगमध्ये शिर.” त्यांनी स्थानबिंदू समोरच्या इमारतीच्या पोटात, पंचवीस मीटर मागे नेला, ती इमारत काढून टाकल्यासारखी धरली आणि तेच प्लॅन वापरून पुन्हा रेषा मारायला लावल्या. इमारत शांत झाली. प्रत्यक्षात त्या जागेवरून ती कुणालाच दिसणार नव्हती, पण रस्त्यातून जाणाऱ्या माणसाच्या मनात तिची जी प्रतिमा तयार होते, तिच्याशी ते चित्र जास्त जुळत होतं. अठराव्या शतकातल्या या चित्रकारांनी हा मार्ग पुन्हा पुन्हा वापरला आहे. अरुंद कालव्यात मधोमध, पाण्यावर तरंगणारा आणि प्रत्यक्षात मिळणार नाही इतका मागे नेलेला डोळा तुम्हाला त्यांच्या चित्रांत सहज सापडेल.

आता तुमच्या न मिळणाऱ्या रेषा. इथे चूक चित्रकाराची नाही, तुमच्या गृहीतकाची आहे. तुम्ही चौक आयताकृती धरलात. सान मार्कोचा चौक आयत नाही. त्याची लांबी साधारण १७५ मीटर. रुंदी पश्चिम टोकाला सुमारे ५७ मीटर आणि बॅसिलिकेपाशी सुमारे ८२ मीटर. म्हणजे डावीकडची जुनी प्रोकुरातिए आणि उजवीकडची नवी प्रोकुरातिए या दोन लांब इमारती समांतर नाहीत, बॅसिलिकेकडे जाताना त्या फाकत जातात. १७५ मीटरमध्ये पंचवीस मीटर फाकल्या म्हणजे दोघींमध्ये सुमारे आठ अंशांचा कोन झाला. दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळतात तो लोपबिंदू. समांतर नसलेल्या रेषांचा लोपबिंदू एक कसा असेल? प्रत्येक इमारतीचा स्वतःचा लोपबिंदू आहे, दोन्ही एकाच क्षितिजरेषेवर, डावीचा थोडा डावीकडे आणि उजवीचा थोडा उजवीकडे. चित्र डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर आहे असं धरलं तर या दोन बिंदूंत सुमारे ७ सेंटिमीटरचं अंतर पडायला हवं. हा फरक लहान नाही, पट्टीने सरळ मोजता येईल असा आहे. तुमच्या प्रतीत असं अंतर दिसलं तर चित्रकाराने चौकाचा प्लॅन नीट जाणला होता, असाच त्याचा अर्थ.

या फाकण्याचा डोळ्यावर होणारा परिणामही पाहा. पश्चिमेकडून पाहताना बाजूच्या भिंती अपेक्षेपेक्षा कमी निमुळत्या होतात, म्हणून चौक आखूड वाटतो आणि बॅसिलिका जवळ आल्यासारखी भासते. बॅसिलिकेच्या दारातून उलट पाहिलं तर तोच चौक लांबलचक होतो, कारण पर्स्पेक्टिव्हचं निमुळतेपण आणि भिंतींचं खरंखुरं जवळ येणं एकमेकांत मिळतात. मी स्वतः दोन्ही टोकांना उभा राहिलो तेव्हा पावलं मोजल्याशिवाय हा एकच चौक आहे यावर डोळ्यांचा विश्वास बसेना. चौक बांधणाऱ्यांनी दगडात जे करून ठेवलंय ते चित्रकाराला आयतं मिळालं. त्यात १७२३ पासून आंद्रेआ तिराली या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे जुनी विटांची फरसबंदी काढून राखाडी दगडात पांढऱ्या दगडाच्या पट्ट्या बसवायला सुरुवात झाली. म्हणजे जमिनीवर चक्क रेषा आखल्या गेल्या. कानालेत्तोच्या एका सुरुवातीच्या चित्रात, जे आज माद्रिदच्या थायसन संग्रहालयात आहे, जुनी विटांची जमीन दिसते. मेट्रोपॉलिटनच्या चित्रात नवी. जमीन सपाट आणि एकरंगी असेल तर खोली दाखवायला माणसं आणि सावल्या पेराव्या लागतात. पट्ट्या आल्यावर ते ओझं हलकं होतं.

कॅमेरा ऑब्स्क्युराबद्दल खूप लोक ठामपणे बोलतात, म्हणून जरा सावकाश. ही काळोखी पेटी: पुढे लेन्स, आत तिरका आरसा, वर काच, काचेवर पडलेली प्रतिमा कागदावर गिरवायची. व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात ‘ए. कानाल’ (कानालेत्तोचं मूळ नाव आंतोनियो कानाल) अशी अक्षरं असलेली एक पेटी आहे; ती त्याचीच असं परंपरेने मानतात. त्याला ओळखणाऱ्या पिढीतल्या आंतोनियो मारिया झानेत्ती यांनी १७७१ मध्ये लिहून ठेवलंय की, या पेटीचा खरा उपयोग कसा करावा आणि पेटीतल्या पर्स्पेक्टिव्हवर पूर्ण विसंबल्याने चित्रात कोणते दोष येतात, हे दोन्ही कानालेत्तोने आपल्या उदाहरणाने शिकवलं. यातला दुसरा भाग लोक विसरतात. दुसरीकडे, ब्रिटिश राजसंग्रहातल्या त्याच्या कामांची इन्फ्रारेड तपासणी झाली तेव्हा शाईच्या रेघांखाली पेन्सिलने, पट्टी लावून आखलेल्या रेषा दिसल्या. म्हणजे तिथे पेटीतली प्रतिमा सरळ गिरवलेली नाही, टेबलावर बसून रचलेली आहे.

पेटीवर पूर्ण विसंबता का येत नाही, हे हाताने काम करणाऱ्याला लगेच कळतं. त्या काळच्या लेन्समधून स्पष्ट दिसणारा भाग लहान. रुंद दृश्य हवं असेल तर पेटी थोडी वळवून दुसरा कागद घ्यायचा, मग तिसरा. आता प्रत्येक कागदाचं प्रतल वेगळ्या दिशेला तोंड करून आहे. तिन्ही शेजारी जोडले की एकाच इमारतीची कॉर्निस (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) जोडापाशी मोडते, छत्रीच्या काडीसारखी. फोनवरच्या पॅनोरमात सरळ रस्ता धनुष्यासारखा वाकतो ते याच कारणाने. व्हेनिसच्या अकादेमियात कानालेत्तोची वही जपून ठेवली आहे. तिच्यात अशी एकमेकांना जोडून वाचायची पानं आहेत: भराभर मारलेल्या रेघा, इमारतींची नावं, रंगांच्या नोंदी. पेटी वापरली असो वा नसो, ही पानं कच्चा माल आहेत. घरी येऊन एक क्षितिजरेषा ठरवायची, लोपबिंदू नक्की करायचे आणि मोडलेल्या कॉर्निशी पट्टीने सरळ करायच्या, हे काम उरतंच. आणि ते करताना एकाऐवजी दोन-तीन ठिकाणचे डोळे एका चित्रात नांदवण्याची मुभाही मिळते. ग्रँड कॅनालच्या त्याच्या कित्येक दृश्यांत डावा किनारा एका जागेवरून आणि उजवा दुसऱ्या जागेवरून पाहिलेला आहे. पाण्याचा पट्टा मध्ये असल्यामुळे सांधा दिसत नाही. पाण्याला लोपबिंदू नसतो.

आता तुमच्या विषयाकडे, म्हणजे आर्किटेक्चरकडे. पर्स्पेक्टिव्ह शिकणारी मुलं लोपबिंदूच्या मागे लागतात आणि इमारत मोजायचं राहून जातं. जुनी प्रोकुरातिए घ्या. लांबी सुमारे १५२ मीटर, तळमजल्यावर ५० कमानी, वरच्या दोन मजल्यांवर प्रत्येक कमानीमागे दोन-दोन खिडक्या. म्हणजे एक कमान साधारण तीन मीटरची. हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी ती भिंत म्हणजे चित्रात तिरकी ठेवलेली मोजपट्टी आहे. पन्नास कमानी निमुळत्या होत जाताना अंदाजाने काढल्या तर वीस-बाविसाव्या कमानीपाशी हिशेब कोलमडतो. त्यापेक्षा पूर्ण भिंतीचा चौकोन आधी आखायचा, त्याचे कर्ण मारायचे. कर्ण जिथे छेदतात तिथे पर्स्पेक्टिव्हमधला मध्य. तिथून उभी रेषा, दोन भाग. आता प्रत्येक भागात पंचवीस कमानी, आणि पंचवीस पुन्हा निम्मे होत नाहीत. म्हणून त्या भागाच्या जवळच्या उभ्या कडेचे पंचवीस सारखे भाग करायचे, खुणांपासून लोपबिंदूकडे रेषा न्यायच्या आणि त्या भागाच्या कर्णाला त्या जिथे छेदतील तिथे उभ्या रेषा मारायच्या. कुठल्याही आकडेमोडीशिवाय कमानी आपापल्या जागी येतात. मी हे टाचणी आणि दोऱ्याने करायचो. लोपबिंदू बहुतेक वेळा बोर्डाच्या बाहेर जातो. मग शेजारच्या स्टुलावर फळी ठेवून तिच्यात टाचणी ठोकायची, तिला काळा दोरा बांधायचा आणि तो ताणून प्रत्येक खिडकीचा माथा आणि उंबरा तपासायचा. कानालेत्तोच्या रेखाचित्रांत कंपासच्या टोकाची बारीक भोकं सापडतात, आणि रंगचित्रांत ओल्या रंगात टोकदार वस्तूने, पट्टीला धरून ओढलेल्या रेषा. प्रत्यक्ष चित्रासमोर जायला मिळालं तर एका बाजूने, तिरक्या उजेडात पाहा. खांबांच्या कडांना खोबणीसारखी रेघ दिसते आणि तिच्यात सावली बसलेली असते. रंग नुसता लावून कड इतकी धारदार येत नाही.

हे सगळं त्याच्या हातात आलं कुठून? नाटकातून. वडील बेर्नार्दो कानाल नेपथ्याचे पडदे रंगवत, आणि मुलगा त्यांच्याबरोबर काम करत वाढला. १७१९-२० च्या सुमारास दोघं रोमला ऑपेराच्या नेपथ्यासाठी गेले होते. त्याच काळात फेर्दिनांदो गाल्ली बिबिएना यांनी १७११ च्या आपल्या ग्रंथात कोपऱ्यातून पाहिलेल्या देखाव्याची रीत मांडली होती. त्याआधीचे पडदे मधोमध एका लोपबिंदूवर धावत, जणू राजाच्या खुर्चीसमोर अंथरलेला रस्ता. बिबिएनाने इमारतीचा कोपरा पुढे आणला आणि दोन्ही बाजू दोन दिशांना पळवल्या. त्यामुळे छोट्या रंगमंचावर केवढा तरी मोठा राजवाडा उभा राहू लागला. आपल्याकडे संगीत नाटकांत रस्त्याचे आणि राजवाड्याचे रंगवलेले पडदे असायचे. कोल्हापूरच्या बाबूराव आणि आनंदराव पेंटरांनी असे पडदे रंगवले आणि मग ते सिनेमाकडे वळले. ज्याने पडदा रंगवला आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: प्रेक्षक एका जागी बसत नाही. पहिल्या रांगेतून आणि पिटातल्या कोपऱ्यातूनही रस्ता रस्ताच दिसला पाहिजे. म्हणून तो गणिताला जरा सैल ठेवायला शिकतो. कानालेत्तोची सगळी ‘चूक’ मला या सैलपणात दिसते.

हा सैलपणा कुठवर जातो याची तीन टोकं सांगतो. रोममध्ये जोव्हान्नी पाओलो पन्नीनी याने १७३४ च्या सुमारास पँथिऑनचं अंतर्भाग-चित्र काढलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पँथिऑनचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतही तितकाच. पन्नीनी वेदीकडून दाराकडे पाहतो. तिथे उभं राहून माथ्याच्या भोकाकडे पाहायचं तर मान साठ अंश वर करावी लागते, आणि मग समोरची माणसं दिसत नाहीत. पन्नीनीने दोन्ही एका कॅनव्हासवर आणली: जमीन, दारातून बाहेरचा उजेड, वर भोक आणि घुमटाच्या चौकटींवर पडलेला सूर्याचा गोल कवडसा. कुठल्याही एका नजरेत हे मावत नाही, तरी आत गेलेल्या माणसाला हेच आठवतं.

दुसरं टोक, काप्रिच्चो, म्हणजे कल्पनेने रचलेलं शहर. कलाप्रेमी विद्वान फ्रान्चेस्को आल्गारोत्ती यांच्यासाठी १७५० च्या दशकात कानालेत्तोने व्हेनिसमधल्या रिआल्तो पुलाचा परिसर रंगवला, पण पूल मात्र सोळाव्या शतकातला वास्तुविशारद पाल्लादियो याने आखलेला आणि कधीच न बांधलेला. शेजारी व्हिचेन्झा गावातल्या पाल्लादियोच्या दोन इमारती आणून ठेवल्या. ते चित्र पार्मात आहे. पर्स्पेक्टिव्ह इतकं चोख की न बांधलेल्या पुलाखालून होड्या जाताना खटकत नाहीत. माझं आयुष्य न बांधलेल्या इमारती खऱ्या रस्त्यावर बसवण्यात गेलं, त्यामुळे या चित्रावर माझा विशेष जीव आहे.

तिसरं टोक त्याचा भाचा बेर्नार्दो बेलोत्तो. तो ड्रेस्डेनला आणि नंतर वॉर्सॉला गेला आणि तिथल्या रस्त्यांची अत्यंत बारकाईने चित्रं काढली. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सॉ जमीनदोस्त झालं, तेव्हा जुनं शहर पुन्हा बांधताना या चित्रांचा आधार घेतला गेला. पण बेलोत्तोही कुठे कुठे इमारत सुधारून काढत असे, आणि त्यामुळे आज काही दर्शनी भागांत शहराऐवजी बेलोत्तोच उभा आहे. तुमच्या तिसऱ्या शंकेचं, म्हणजे अशा चित्रांवर विसंबावं का, याचं उत्तर यातच आहे. विसंबा, पण एका चित्राला दुसरा साक्षीदार हवा: प्लॅन, जुना नकाशा, दुसऱ्या चित्रकाराचं दृश्य किंवा उभी असलेली इमारत.

आणखी एक चित्र तुम्ही जरूर पाहा, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं ‘दगडफोड्यांचं अंगण’, साधारण १७२५ चं, सुमारे १२४ बाय १६३ सेंटिमीटर. जागा सान व्हिदालची; कालव्यापलीकडे सांता मारिया देल्ला कारिताचं चर्च, त्याचा मनोरा १७४४ मध्ये पडला. इथे चौकाच्या लांब भिंती नाहीत, धावत्या रेषा नाहीत. अंगणात इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचे तोडे कसेही पडलेत, पुढे एक मूल पडलंय आणि आई हात पसरून धावतेय. त्या दगडांवर ट्रेसिंग पेपर ठेवा. प्रत्येक दगड वेगळ्या दिशेला तोंड करून आहे, म्हणून प्रत्येकाचे लोपबिंदू वेगळे, पण आडव्या कडा वाढवल्या की ते सगळे एकाच क्षितिजरेषेकडे जायला हवेत. विद्यार्थ्यांना मी हेच द्यायचो: टेबलावर दहा काडेपेट्या फेका आणि काढा. ज्याला हे जमतं त्याला चौक जड जात नाही.

थोडक्यात: तुमचा फोटो कलला होता, चौक आयताकृती नाही, डोळा बहुधा भिंतीमागे आहे, आणि पेटीने दिलेली पानं टेबलावर पुन्हा रचली आहेत. एवढं वजा करून जे उरेल ते त्याने स्वतः बदललेलं. ते शोधायची माझी रीत सांगतो.

प्रतीवर क्षितिजरेषा आखा. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूला ही रेषा एकाच खऱ्या उंचीवर कापते, ती उंची म्हणजे चित्रकाराच्या डोळ्याची. उभ्या माणसांची डोकी या रेषेवर असतील तर डोळा जमिनीवरच्या माणसाचा. डोकी रेषेखाली गेली असतील तर तो वर चढलाय. आता मनोऱ्याचा पायथा ते क्षितिजरेषा हे अंतर मोजा आणि पायथा ते टोक मोजा. दुसरं पहिल्याच्या वीसपट निघालं तर डोळा ९८.६ भागिले २०, म्हणजे जवळपास पाच मीटरवर. तेच प्रोकुरातिएच्या जवळच्या कोपऱ्यावर करा, मग दोन-तीन माणसांवर करा, माणूस १.६५ मीटरचा धरून. सगळ्यांनी डोळ्याची उंची एकच सांगितली तर प्रमाणं खरी आहेत. एखादाच वेगळा आकडा देत असेल तर चित्रकाराचा हात तिथे लागलाय. बॅसिलिकेसमोरचे तीन झेंड्याचे खांब या पद्धतीने नक्की तपासा; या चित्रात ते प्रत्यक्षापेक्षा उंच केलेले आहेत आणि मनोऱ्यावरच्या खिडक्या कमी. मग अर्धं चित्र हाताने झाकून, खांब खऱ्या उंचीचे असते तर बॅसिलिकेच्या घुमटांपुढची ती जागा कशी दिसली असती, ते पेन्सिलने काढून पाहा. आकडे इथे टाकलेत तर मी पडताळून देईन. फक्त प्रतीची रुंदी किती सेंटिमीटर आहे ते सोबत लिहा.